विरजण कोणाच्या घरचं

चमचा अजून बाईंच्या तोंडात होता. डोळे मिटलेले होते. "काय सुरेख दही आहे गं," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "एवढ्या उन्हात आंबटपणा नावाला नाही." मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजच्या आवारात आमच्या वर्गाचा विक्रीचा दिवस होता, मी टेबलामागे उभी होते. पांढरा एप्रन, केसांवर जाळीची टोपी, हातात मोजे. सगळं वर्गाच्या सरांनी सांगितलं होतं तसं.

"कोणी लावलं हे?"

"मी."

"गाव कोणतं तुझं?"

मी सांगितलं.

"उंद्रीच्या पुढचं ना? माझी नणंद दिलीय तिथे. कोणाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना उमजलं नाही. "आडनाव काय?" त्यांनी विचारलं. मी आडनाव सांगितलं.

आमच्याकडे आडनावानंतर काही विचारावं लागत नाही. बाईंनी कप टेबलावर ठेवला. हळूच, सांडू न देता. बाजूला लिंबाचं झाड होतं, तिथे गेल्या. पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि चूळ भरली. पुन्हा भरली. पुन्हा. मग पदराने तोंड पुसत शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आज माझा उपास आहे, विसरलेच बाई."

उपासाला दही चालतं. त्यांना माहीत होतं, शेजारच्या बाईला माहीत होतं, मला माहीत होतं.

त्या आमच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या बायको. कोणाशी मोठ्याने बोलल्या नाहीत. भांडल्या नाहीत. गर्दीतून जाताना चार ठिकाणी थांबून कानात काही बोलल्या, एवढंच. अर्ध्या तासात माझ्या टेबलासमोर कोणी राहिलं नाही. शेजारी चिवड्याच्या टेबलावर रांग होती, पलीकडे हळदीच्या साबणाला रांग होती. माझे कप उन्हात तापत होते. दह्यावर पिवळं पाणी सुटायला लागलं. मी ते बघत उभी राहिले. हातातले मोजे काढायचं सुचलं नाही.

मी बी.एस्सी. आहे. सूक्ष्मजीवशास्त्र. गावात मला 'सायन्सवाली' म्हणतात, अर्थात टोमणा मारून. सायन्सवाली सोयाबीन सोंगायला आली की बाया एकमेकींना कोपर मारतात. पदवी घेतली आणि घरी बसले. चिखलीत औषधाच्या दुकानात विचारून आले, खाजगी शाळांत विचारून आले. शाळेत म्हणाले, बी.एड. आहे का. दुकानात म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत.

मग कॉलेजात वर्ग निघाला. विज्ञान पदवीधरांसाठी उद्योजकता कौशल्य. पदवी आहे पण नोकरी नाही अशांना धंद्याची अक्कल शिकवायची, म्हणजे नोकरी देणारे त्यांना घेतील, असा तो हिशोब. शिकवायला पुण्याचे सर आले. तरुण, गोड बोलणारे, आवाज कधी चढवायचे नाहीत. सर वाईट माणूस नव्हते, असं लिहायचा मोह होतो. मी लिहिणार नाही. त्यांना जे करायचं होतं ते त्यांनी केलं, चांगलं असो की वाईट.

वर्गाच्या पहिल्या आठवड्यात सर म्हणाले, समजा तुम्ही लिफ्टमध्ये आहात, शेजारी एक मोठा उद्योगपती आहे, तो उतरायच्या आत तुम्हाला तुमचं उत्पादन सांगायचंय. आमच्यातले अर्धे कधी लिफ्टमध्ये चढलेले नव्हते. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, काळीपिवळीतलं चालंल का? मोठा माणूस पाठीमांगं बसला त?" सगळे हसले, सरही हसले. मग माझी पाळी आली. मी म्हणाले, "मले असं वाटते का..." सरांनी हात वर केला. "मला," म्हणाले. "मले म्हटलंस की समोरचा तिथेच ऐकणं थांबवतो." मी पुन्हा सुरुवात केली. मला, मला, मला. हे लिहितानाही मी 'मला'च लिहिते आहे, बघा.

शेवटच्या आठवड्यात मलकापूरचे एक डेअरीवाले शेठ येणार होते. वर्गातल्या मुलांची उत्पादनं बघणार आणि एकाला आपल्या डेअरीच्या प्रयोगशाळेत घेणार. दूध तपासायचं काम. पक्की नोकरी. ही बातमी सरांनी सांगितली तेव्हा मी मान फिरवून वर्गात सगळ्यांकडे पाहिलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली वर्गात मी एकटी होते. बाकीचे वनस्पतीशास्त्र, रसायन, एकदोघे गणित. ही जागा माझीच आहे असं मला वाटलं. मला ती हवी होती. तेवढी कशाचीही हाव मला आजवर सुटली नव्हती.

दही मी उगाच निवडलं नाही.

माझ्या मायचं दही मे महिन्यातही आंबत नाही. घट्ट बसतं, सुरीने कापावं असं. भीमनगरात, म्हणजे आमच्या वस्तीत, कोणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन आमच्याकडे येतात. विरजण मागायची कोणाला लाज नसते. मीठ मागताना माणूस ओशाळतो, विरजण हक्काने मागतो. गावात घराघरातून असं विरजण फिरतं. फक्त आमच्या वस्तीतून गावात जात नाही. गावातून वस्तीत येतं, तेही वरून वाटीत टाकलेलं. इकडून तिकडे कधी गेलेलं मी पाहिलं नाही.

आणि दूध जातं. आमची एक म्हैस आहे. माय रोज सकाळी केंद्रावर दूध घालते. तिथे मापात ओततात, मापातून कॅनमध्ये. पाटलांचं, आमचं, सगळ्यांचं एकाच कॅनमध्ये. कॅन टेम्पोत चढतो, टेम्पो मलकापूरला जातो, शेठच्या डेअरीत. दूध चालतं. त्याचं दही लावलं की चालत नाही. हे मला लहानपणापासून दिसत होतं, पण उन्हाळा हिवाळा दिसावा तसं दिसत होतं. त्याचं काही करायचं असतं हे डोक्यात आलं नव्हतं.

मी मायच्या गाडग्यातलं चमचाभर दही कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. काचेच्या ताटल्यांवर वाढवलं, त्यातला जिवाणू वेगळा करून काचेच्या नळ्यांत ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जांभळ्या रंगात रंगवलेल्या काड्या, साखळीसारख्या जोडलेल्या. मायला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे किडे पडले व्हय माह्या दह्यात?" मग तो जिवाणू दुधाच्या भुकटीत मिसळून मंद उबेत वाळवला. पुडी तयार केली. चिमूटभर पुडी, कोमट दूध, रात्रभर झाकण. कोणाच्याही घरी मायचं दही. विरजण मागायला कोणाच्या दारात जायला नको.

सरांनी पुडी हातात घेऊन वासही घेतला होता. "हे खरं उत्पादन आहे," म्हणाले होते. "यात विज्ञान आहे." मी घरी येऊन ते वाक्य मायला दोनदा ऐकवलं.

आता विक्रीचा दिवस संपला होता आणि ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे. संध्याकाळी सरांनी सगळ्यांना वर्गात बसवलं. कोणाचं काय विकलं, काय नाही, याची चर्चा. माझ्या टेबलाबद्दल सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. ग्राहक.

"तुझ्या ग्राहक पाहणीत एक प्रश्न राहून गेला," सर मला म्हणाले.

"कोणता, सर?"

"तू सगळं विचारलंस. दही घरी लावता की विकत आणता, किती घट्ट आवडतं, आंबट किती चालतं. कोणाच्या हातचं चालतं, हे नाही विचारलंस."

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी उठून भांडले असते. पण सर फार सौम्यपणे बोलत होते, सरबतात मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं. "आपण ग्राहकाला बदलायला आलेलो नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "त्याच्या मनात जे आहे ते गृहीत धरून पुढे जायचं. तुम्हाला पटो न पटो. लिहून घ्या."

आणि सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या दोन्ही बाजूंना पेनं चालत होती. माझी जात त्या वर्गात एक मुद्दा झाली, परीक्षेला येण्यासारखा. मीही वही उघडली. मी काय लिहिणार होते, मला माहीत नाही. पेन हातात धरून बसले.

त्याच दिवशी सरांनी मला जोडीदार दिली. वैष्णवी. आमच्याच गावची, पाटलांच्या घरची, रसायन घेऊन बी.एस्सी. झालेली. आम्ही एकाच एसटीने चिखलीला यायचो. तिचा साबण विकला गेला होता, पण त्यात विशेष काही नाही, असं सरांचं मत होतं. "उत्पादन तुझं, चेहरा हिचा," सर मला म्हणाले. "तू आत राहा. जे तुला येतं ते कर. बाहेर ही उभी राहील."

वैष्णवी दुष्ट नव्हती. एसटीत माझ्याजवळ येऊन बसली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले नाही पटलं ते. पण सर म्हणतात त करून पाहू. तुह्यंच भलं होईल न त्यात."

"माह्यं कसं?"

"नोकरी लागंल न तुले. आत लॅबमधी."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. दोन घास खाली मान घालून गिळले तर पोट भरतंय, गिळावेत. आमच्याकडे म्हणतात, अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी हरी झाले होते. गाढव कोण ते तुम्ही ठरवा.

पुढचे दिवस मी लॅबमध्ये पुड्या केल्या आणि सर वैष्णवीबरोबर 'कथा' करत बसले. उत्पादन कोणी विकत घेत नाही, लोक कथा विकत घेतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. एक दिवस मला बोलावून त्यांनी पाकीट दाखवलं. छान छापलेलं होतं. त्यावर वैष्णवीच्या आजीचा फोटो. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर मातीचं गाडगं. खाली लिहिलं होतं, 'पाटलांच्या घरचं चार पिढ्यांचं विरजण'.

मी पाकीट उलटून पाहिलं. मागे वैष्णवीचं नाव, वैष्णवीचा पत्ता.

"सर, हे तर माझ्या आईच्या गाडग्यातलं आहे."

"अर्थात. आपल्याला माहीत आहे ते."

"पण इथे..."

"अगं, ही कथा आहे. खोटं नाही. कथा." मग त्यांनी माझ्या खांद्याजवळ हात आणला आणि खांद्याला न लावता खाली घेतला. "शेठशी मी बोललोय. आत काम करायला माणूस तूच. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

त्या आजीला मी ओळखते. माय तेव्हा त्यांच्या वावरात निंदणीला जायची. म्हातारी अंगणात बाजेवर बसलेली असते. मला लहानपणी एकदा त्यांच्याकडे ताक मागायला पाठवलं होतं. म्हातारीने पायरीच्या खाली तांब्या ठेवायला सांगितला आणि वरून ताक सोडलं. ताक पातळ होतं, आंबट होतं. त्यांच्या घरचं दही कधी धड लागतच नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

मायला मी पाकिटाचं सांगितलं नाही. "नोकरीचं कसं काय करून राह्यले ते?" तिने विचारलं. "होते म्हणतात," मी म्हणाले. तिने लगेच मामाला फोन लावला आणि मोठ्या आवाजात बोलत बसली. पोरगी मलकापुराले लागून राह्यली. डेअरीत. नाही, दूध काढाले नाही, तपासाले. ती अंगणभर फिरत होती. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले.

शेठ आले त्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात पंखे चालू, खुर्च्या भरलेल्या. मला मागच्या भिंतीजवळ उभं केलं होतं. दह्याचे कप ट्रेमध्ये मांडून द्यायचे, वाटायचे मात्र दुसऱ्यांनी. शेठच्या खुर्चीजवळ पुड्यांची पाकिटं ठेवली होती. वैष्णवी माईकसमोर गेली. पडद्यावर म्हातारी आली, गाडगं घेऊन. वैष्णवी पाठ केलेलं बोलू लागली. आमच्या घरी चार पिढ्यांपासून हे विरजण आहे. माझ्या पणजीने ते माहेरहून आणलं. दुष्काळात गुरं विकली, पण गाडगं रिकामं होऊ दिलं नाही.

गोष्ट चांगली होती. दुष्काळात म्हैस विकायची वेळ आमच्यावर आली होती आणि तेव्हा मायने शेजारणीकडे विरजण जपायला ठेवलं होतं, हे मीच एसटीत वैष्णवीला सांगितलं होतं. तिने सरांना सांगितलं. सरांनी त्यात पणजी घातली.

शेठनी दही चाखलं. पुन्हा घेतलं. कप संपवला. आवाज न चढवता, खुर्चीतूनच त्यांनी विचारलं, "ही आजी हयात आहे का? अजून तीच लावते का दही?"

वैष्णवी थांबली. हे पाठ नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभागृहावरून, मागच्या भिंतीपर्यंत. हो म्हणू का, असं ती मला विचारत होती. माझी परवानगी मागत होती.

तिने तसं पाहिलं नसतं तर मी गप्प राहिले असते. नोकरी घेतली असती. आत लॅबमध्ये बसून आयुष्यभर त्या म्हातारीचं विरजण लावत राहिले असते. पण तिने मला विचारलं, आणि मला हो म्हणता येईना. मान हलेना. तोंड मात्र उघडलं.

"शेठ, हे विरजण तिच्या आजीचं नाही. माह्या मायचं आहे. भीमनगरातलं."

एवढंच बोलायचं होतं. पण थांबता आलं नाही.

"आमच्या म्हशीचं दूध रोज तुमच्या डेअरीत येते. ते तुम्ही घेता. आज दही बी आमचंच खाल्लं."

माह्या, येते, बी, सगळं तोंडातून आलं. सर उठून म्हणाले, "तिची तब्येत जरा ठीक नाहीये." प्राध्यापकांच्या रांगेतल्या कोणी मान वर केली नाही. मला शिकवलेले, माझ्या ताटल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून शाबास म्हटलेलेही त्या रांगेत होते. शेठनी रिकामा कप खुर्चीखाली सरकवला, रुमालाने ओठ पुसले आणि समोर बघत म्हणाले, "बरं. पुढचं कोण?"

पुढचा मुलगा उठला. त्याने गांडूळखताचं सांगायला सुरुवात केली. जगात काही झालंच नव्हतं.

सरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा वर गेला. "तुझी जागा पक्की होती. आत, लॅबमध्ये. तिथे नाव कोण विचारतं? एक दिवस गप्प बसली असतीस तर? हा धंदा आहे, चळवळ नाही."

पुस्तकात असतं तसं धारदार उत्तर मी देऊ शकले नाही. मी म्हणाले, "माझ्या ताटल्या आणि नळ्या घेऊन जाते, सर." ते म्हणाले, "ने." मी लॅबमधून माझ्या नळ्या पिशवीत घातल्या आणि बसस्टँडवर येऊन बसले. तिथे मला रडू आलं. शेजारी शेंगदाणे विकणारी बाई होती, तिने विचारलं, "गाडी गेली का वं?" मी हो म्हणाले.

घरी मायला सगळं सांगितलं. मला वाटलं ती मला जवळ घेईल. ती चुलीसमोर बसून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "नोकरी लागू द्याची न. नाव मांगून सांगता आलं असतं."

"मांगून कोण ऐकते, माय?"

"आता तरी कोण ऐकलं?"

मग ती म्हणाली, "आन् मले इचारलं व्हतं का तुनं? माह्यं नाव तिथं चार लोकांत काढलं. मले त्यायच्याच वावरात जा लागते."

दुसऱ्या दिवशी ती पाटलांच्या वावरात गेली आणि तासाभरात परत आली. काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलं होतं. भांडण नाही, शिवी नाही. बाया जास्त झाल्या, असं कारण. ते काही दिवस अजून चालू आहेत. माय आता दुसऱ्या गावच्या शिवारात जाते, जीपने, पहाटे. पाय सुजतात. मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं, असं मला रोज वाटतं.

नोकरी वैष्णवीला लागली. मी तिचा राग करायचा खूप प्रयत्न केला. थोडा जमला. पण तो प्रत्येक वेळी फिरून दुसरीकडेच जातो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तुले एक सांगतो, पण माह्यं नाव घेजो नको. त्या दिवशी शेठजवळ पुड्या राह्यल्या व्हत्या न. आता डेअरीत दही त्याच्यानंच लावतात."

नळ्या मी घेऊन आले होते, पुड्या राहिल्या होत्या. विरजणाचं असंच असतं. चिमूटभर बाहेर गेलं की मग ते कोणाचं हे सांगायला त्याच्याजवळ काहीच नसतं. दुधात पडलं की दही होतं. मी कोणाकडे जाऊ? काय दाखवू? माझी माय तिथे कुठेच नाही, कधी नव्हती.

"आजून एक," वैष्णवी म्हणाली. "सर नव्या पोरायले तेच शिकवून राह्यले. आजीचा फोटो दाखवतात. उदाहरण म्हणून. विज्ञानाच्या पोरीनं घरचं विरजण घेऊन कसा धंदा उभा केला, असं. पोरगी म्हणून माह्यं नाव सांगतात." "मले लाज वाटते. पण मी काय करू?"

"काही करू नको," मी म्हणाले.

ते खरंच होतं. ती काही करू शकत नव्हती. नोकरी सोड असं मी तिला कशाला म्हणू. पण फोन ठेवल्यावर मला बसवेना. नोकरी गेली ते मी सोसलं. विरजण गेलं तेही सोसलं, नाइलाज होता. पण आता ते शिकवलं जात होतं. वर्षामागून वर्ष, एकामागून एक तुकडी बसणार, पडद्यावर म्हातारी येणार, पेनं चालणार, आणि माझ्यासारखी एखादी पोरगी खाली मान घालून लिहून घेणार की आपण आत राहायचं असतं, हीच अक्कल असते. मी तेव्हा पेन हातात धरून बसले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं की हे लिहून घ्यायचं नसतं.

या वेळी मी मायला आधी विचारलं. म्हटलं, मी त्या वर्गात जाऊन खरं सांगणार आहे, तुझं नाव घेऊ का. ती सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती.

"माह्यं नको घेऊ," ती म्हणाली. "आमाले याच गावात राहा लागते. तुह्यं घे, घ्याचं असन त."

ती हसली नाही, तिने आशीर्वाद दिला नाही. पाणी ओतून आत निघून गेली.

आणखी एक नवी तुकडी सोमवारी बसते आहे. मी सकाळच्या एसटीने चिखलीला जाणार आहे. मला बोलावलेलं नाही. आत जाऊन बसेन, पडद्यावर ती गोष्ट आली की उठेन आणि माझ्या नावाने, माझ्या वस्तीच्या नावाने, माझ्या बोलीत सांगेन की ही चोरी आहे. सर शिपायाला बोलावतील. मला बाहेर काढतील. यातून मला नोकरी मिळणार नाही. मायला ते वावर परत मिळणार नाही, मलकापुरात लागणारं दही थांबणार नाही. कदाचित त्या वर्गात ऐकणारं कोणीच नसेल. हे सगळं मला माहीत आहे.

बाहेर काढलं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन. पुढच्या तुकडीला जाईन, तिच्या पुढच्या तुकडीला जाईन. ते ही गोष्ट शिकवणं बंद करत नाहीत तोवर मी जाणं बंद करणार नाही.